छताखाली जायचा अभ्यास

मेघा, ये गं, अशी जवळ बस. चपला घालून दारातच उभी राहू नकोस. तू पुण्यात आहेस आणि मी इथं मुरुमला ओसरीवर बसून लिहितेय, एवढं मला कळतं. पण मी लिहिते ते बोलल्यासारखंच, आणि पेपराच्या या पुरवणीच्या वाचकांना आता त्याची सवय झालीय. तर बस. आधी तुला थोडी रागावते, मग माझा राग संपेल. तुझ्या आईचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि गाडीत बॅग ठेवता ठेवता तू म्हणालीस, "मोठी आई, आईला माझं घर बघायला कधी यावंसं वाटलं नाही. माझ्या बाळंतपणालासुद्धा आली नाही. जन्मभर भीत राहिली आणि अंगण धरून बसली. आता मी तरी कुणासाठी येऊ इकडं?" आणि काच वर केलीस. असं बोलतात व्हय गं? चार बायका उभ्या होत्या तिथं. मला उत्तर येत होतं, पण तुझ्या आईनं मला शपथ घातली होती, म्हणून मी तोंड दाबून उभी राहिले. पंधरा-वीस दिवस विचार केला. आता ठरवलं, शपथ मोडायची. तू सगळ्यांसमोर बोललीस, मी पण सगळ्यांसमोरच सांगते.

मला बातमी कशी कळली ते आधी ऐक. मी सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले होते. डोळ्यांत थेंब घालून बसवलं होतं, समोरचं सगळं दुधात कालवल्यासारखं पांढरं. फोन वाजला तर कुणाचा ते दिसेना. शेजारच्या बाईला म्हणलं, जरा बघा की कुणाचा आहे. तिनं कानाला लावून दिला. आपल्या गल्लीतली सुनंदा होती. म्हणाली, "अक्का, कुठं आहात? बसा खाली. रत्नाकाकू गेल्या." मी म्हणलं, कुठं गेल्या? मला खरंच वाटलं, बाजारात गेली असेल... येताना बसमध्ये सगळा रस्ता मला पांढरा दिसत होता. झाडं नाहीत, माणसं नाहीत. मनात एकच, की रत्नाला एकटीला सोडून मी आले, ती घाबरली असेल. मेलेल्या माणसाला कसली भीती, असं दुसरं कुणी म्हणेल. पण तिला सोडून कुठंही गेले की माझ्या मनात पहिलं हेच यायचं, इतकी वर्षं, तर त्या दिवशी ते कसं थांबणार?

तुझी आई, रत्ना, माझी धाकटी जाऊ, पण वयानं मला लेकीसारखी. कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातली, घरी कानडी बोलायची, मराठी बोलताना शब्द जरा उचलून उचलून ठेवायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पंचमीला माहेरी गेली, म्हणाली गणपती होईपर्यंत राहते. आणि गणपती बुडवून लोक झोपले त्याच पहाटे भूकंप झाला. आपल्या मुरुमात भिंतींना भेगा गेल्या, तिच्या माहेरात घरंच राहिली नाहीत. दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं धाबं. उन्हाळ्यात गार, पण अंगावर आलं की संपलं. तिची आई गेली, धाकटी बहीण गिरिजा गेली. तुझी आई दुपार कलल्यावर निघाली ढिगाऱ्याखालून. तुझे मोठे काका आणि तुझे वडील गेले होते आणायला. ती आली तेव्हा केसांत, कानांत, नखांत माती. मी न्हाऊ घातलं. पाणी लाल येत राहिलं, कितीतरी वेळ. न्हाणीला वर छत होतं, तर दार उघडं ठेवून मी पाठ करून उभी राहिले, तेव्हा कुठं तिनं अंगावर पाणी घेतलं.

तेव्हापासून तिची बाज अंगणात, कडुनिंबाखाली. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणायची, पत्रा पडला तर माणूस मरत न्हाय. त्या वर्षी सगळेच बाहेर झोपायचे, गाव अंगणात होतं. मग हळूहळू लोक आत गेले. रत्ना राहिली. तांब्यावर पेला पालथा घालायची, पेल्यावर चमचा, आणि ते उशाशी ठेवायची. जमीन हलली की चमचा आधी वाजतो. तसं ते इथं बऱ्याच घरांत होतं गं, काहींनी काचेची बाटली उलटी उभी केलेली. मांजरानं चमचा पाडला तरी रत्ना उठून रस्त्यावर. घरातून काही आणायचं असलं की दाराशी थांबून श्वास भरून घ्यायची आणि विहिरीत बुडी मारावी तशी आत जाऊन यायची. मीठ आणलं की बाहेर येऊन मोठ्यानं श्वास सोडायची. आम्ही हसायचो. तीही हसायची. पण तिचे हात गार असायचे, ते मला माहीत.

तू झालीस, तुझे वडील गेले, तू शाळेत जायला लागलीस... तू माझ्याजवळ आत झोपायचीस. तुझा तो राग मला कळतो. दुसऱ्यांच्या आया लेकराला कुशीत घेऊन झोपतात आणि आपली आई अंगणात. ती तुला बाहेर ओढायची, तू रडून आत पळायचीस. मग एक दिवस तिनं ओढायचं बंद केलं. मला म्हणाली, "अक्का, तिला आत झोप येती. येऊ द्या." तुला वाटलं, आईनं नाद सोडला. आता पुढं ऐक, नाद सोडला की काय केलं ते.

तू लातूरला हॉस्टेलवर होतीस तेव्हाची गोष्ट. रत्ना गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती, सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. पर्यवेक्षिका म्हणाल्या, रत्नाबाई, दहावी पास असाल तर तुमचाच नंबर. आणि रत्ना दहावीला एका इंग्रजीत गेलेली, लग्नाआधी. फॉर्म भरला. मग रडत बसली. मी म्हणलं, इंग्रजी काय एवढं अवघड आहे का, करू की. ती म्हणाली, "इंग्रजीचं न्हाय हो अक्का. पेपर दुमजली शाळेत असतोय. स्लॅबखाली तीन तास बसायचं, आणि वर आणखी एक मजला."

मग मी अक्कल लढवली. मी चौथी शिकलेली, पण वाचायचा नाद दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून लागला आणि इंग्रजी अक्षरं साबणाच्या वेष्टनांवरून. गाईड आणलं. मी गाईड वाचायची, ती उत्तर द्यायची. आणि नियम असा की क्रियापदांचा पहिला तक्ता अंगणात पाठ झाला की दुसरा पायरीवर बसून. तो झाला की ओसरीत. मग माजघरात. चुकलं तर एक टप्पा परत बाहेर. नियम तिनंच केला, मी फक्त ओरडायला. "गो!" म्हणलं की "वेंट, गॉन!" "ईट!" "एट, ईटन!" तोंड इंग्रजीत गुंतलं की डोळे वर जात नाहीत, हा आम्हाला लागलेला शोध. क्रियापद आठवायला माणसाला जमिनीकडं बघावं लागतं, बघ तू कधीतरी. रिकाम्या जागा भरायला लागली की ती भुवया आवळायची आणि छत विसरायची... थोडा वेळ. मग एकदम आठवायचं आणि उडी मारून बाहेर.

तुझे काका पान लावत बसलेले असायचे. म्हणायचे, "काय चाललंय बायांनो, विलायतेला निघालात का?" रत्ना भाकरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "दाजी, तुमी गप बसा, न्हायतर तुमाला पण भूतकाळात घालीन." आणि आमचे उच्चार! शिकवायला कोणी नाही, जसं लिहिलंय तसं वाचायचं. हसण्याच्या शब्दाला आम्ही 'लाउघ' म्हणायचो. लाउघ, लाउघ्ड, लाउघ्ड. तू सुट्टीला आलीस, ते ऐकलंस आणि ओसरीत लोळून हसलीस. आठवतंय? तुझी आई तुझं हसणं बघत उभी होती. कुठं उभी होती ते तू बघितलं नाहीस. ती आत होती, मेघा. ओसरीच्या आत, माजघराच्या चौकटीत, आणि तिला त्याचं भानच नव्हतं. मी बघितलं. मी बोलले नाही, बोलले असते तर ती पळाली असती.

त्या गाईडमध्ये एक स्वाध्याय होता, तो मात्र ती टाळायची. एक गोष्ट चालू होती आणि तेवढ्यात दुसरी घडली, अशी वाक्यं. मी स्वयंपाक करत होते तेव्हा बेल वाजली. राजू अंघोळ करत होता तेव्हा लाईट गेली. असली. गाईडवाल्याला काय, त्याचा राजू, त्याची लाईट. पण रत्ना ते पान आलं की पुढं सरकायची. मी म्हणलं, रत्ने, हे परीक्षेत येतं, इथं वर लिहिलंय, महत्त्वाचं. ती म्हणाली, उद्या. तो उद्या दिवाळी संपली तरी आला नाही. मग एका सकाळी आम्ही ज्वारी निवडत होतो, माजघरात, ती दाराजवळ, मी आत. तिनं सुपातली मूठ तशीच धरली आणि इंग्रजीत म्हणाली, "आय वॉज स्लीपिंग व्हेन द वॉल फेल." मी झोपले होते तेव्हा भिंत पडली. मी म्हणलं, बरोबर. माझ्या तोंडातून ते गाईडवाल्या मास्तरणीसारखंच निघालं, दुसरं काही सुचलं नाही. तिनं पुढचं म्हणलं. "आय वॉज कॉलिंग गिरिजा." मी गिरिजाला हाका मारत होते. "शी वॉज आन्सरिंग." ती ओ देत होती. सुपात खडा वाजला तेवढाच आवाज. आणि मग, "देन शी स्टॉप्ड."

मेघा, इतकी वर्षं झाली होती. मराठीत कधी बोलली नव्हती, कानडीत तर नाहीच. गिरिजा ढिगाऱ्याखाली जिवंत होती, हाताच्या अंतरावर बोलत होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला अजून वाटतं, इंग्रजीत त्या शब्दांना मातीचा वास नव्हता, म्हणून ते तिच्या तोंडातून बाहेर पडू शकले. त्या वाक्यांत चूक नव्हती. पण मला इतकी भीती कधी वाटली नाही. कारण ती छताकडं बघत नव्हती, जमिनीकडंही नव्हती. माझ्याकडं बघत होती, मी तपासून बरोबर म्हणते का याची वाट बघत. मी म्हणलं, बरोबर आहे रत्ने. सगळं बरोबर आहे. मग ती उठून अंगणात गेली आणि दोन दिवस आत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "अक्का, पुढचं पान काढा."

परीक्षा उमरग्याला. मार्च महिना, कारखान्याचा हंगाम अजून चालू, रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरची रांग. मी गेटबाहेर बसले बायांच्या घोळक्यात. रत्ना आत गेली तेव्हा तिची पाठ मला दिसत होती. चालताना मान हलत होती, म्हणजे तोंडानं क्रियापदं चालू होती. घंटा झाली. अर्धा पाऊण तास बरा गेला. मग शाळेला लागूनच दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला. आपल्याकडं तुला माहीत आहे, ट्रॅक्टर आधी पायांना कळतो, मग कानांना. खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि आतून तुझ्या आईची किंकाळी, "पळाऽऽ! हालायलंय!"

सगळा वर्ग बाहेर. पोरं, पोरी, पेपर देणारे बापे. सगळ्यांत पुढं कोण, तर पर्यवेक्षक सर, माझ्या वयाचे, पायात चप्पल नाही, हातात कुणाचीतरी कोरी पुरवणी. शेजारच्या वर्गातली पोरं पण बाहेर आली. ट्रॅक्टर तोवर लांब गेला होता, ड्रायव्हर मागं वळून बघत होता, की ह्या शाळेला काय झालं. कुणीतरी हसलं. पण हसणं पुढं चाललं नाही. पर्यवेक्षक सर रत्नाकडं बघत होते, रागानं नव्हे. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं गाव कोणतं?" रत्नानं सांगितलं. सर म्हणाले, "माझं त्याच्या पलीकडचं." मग केंद्रप्रमुख आले, त्यांचा पण चेहरा उतरलेला. म्हणाले, पेपर बाकांवरच आहेत ना, चला, सगळे आत चला, गडबड नको.

सगळे गेले. रत्ना दारात थांबली. पहिल्यांदा जाणं सोपं असतं गं, एकदा पळून आल्यावर परत आत जाणं... ते दार तिला गिळणार असंच तिच्या पाठीवरून दिसत होतं. माझ्यानं राहवेना. मी गेटच्या जाळीला तोंड लावून ओरडले, "रत्ने! बिगिन!" तिनं वळून बघितलं. ओठ हलले. बिगॅन, बिगन. मी आणखी मोठ्यानं, "स्टँड!" गेटवरचा पोलीस धावत आला, "ओ मावशी, कॉपी पुरवायलात का? आत घेऊन बसवू काय?" मी म्हणलं, बाबा, कॉपी नाही, तिला धीर पुरवतेय. तो म्हणाला, "धीर इंग्रजीत?" मी म्हणलं, तिला मराठीत येत नाही. तोवर रत्ना आत गेली होती.

पास झाली. काठावर, पण झाली. सेविका झाली. तिच्या अंगणवाडीच्या खोलीला स्लॅब होता, खिडकीत तांब्या आणि पालथा पेला. लेकरांना वाटायचं, तो देव आहे. एक पोर रोज त्याला नमस्कार करून घरी जायचं. लेकरं सोबत असली की ती आत बसू शकायची. एकटीला मात्र कधीच जमलं नाही. एकटी म्हणलं की बाहेर.

आता तुझ्या घराकडं येते. तुझं लग्न झालं, तुम्ही तो फ्लॅट घेतला, इतक्या वरचा की तू फोटो पाठवलास तर त्यात नुसतं आभाळ. तुझी आई तो फोटो धरून बसली. तिला आभाळ दिसलं नाही. त्याच्याखाली किती छतं आहेत, हे तिनं बोटांवर मोजलं. तू बाळंतपणाला ये म्हणून फोन केलास तेव्हा ती काय म्हणाली? अंगणवाडीला सुट्टी नाही. तू फोन आपटलास. तिनं फोन ठेवला आणि कपाटातून गाईड काढलं. मला म्हणाली, "अक्का, परत सुरू करायचं. आता जिना."

मुरुमात जिने तरी किती? बाजारपेठेत एक तीन मजली इमारत होती, तिच्या जिन्यावर आम्ही जायचो. एका मजल्यावर एक स्वाध्याय. गाईडचा पुढचा भाग, भूतकाळाच्याही आधीचा भूतकाळ, त्यात मला पण धड कळत नव्हतं. खालचा दुकानदार विचारायचा, काय अक्का, रोज वर काय काम काढलंय? मी सांगायची, गुडघ्याला डॉक्टरनं जिना सांगितलाय. गुडघे माझे दुखायचे खरे, पण चढून. गच्चीवर पोचलो त्या दिवशी ती कठड्याला धरून उभी राहिली, घामानं चिंब. म्हणाली, "अक्का, आपण जाऊ. मेघीला सांगू नका. एकदम दारात उभं राहू." डिंकाचे लाडू केले, बाळंतविडा बांधला. सकाळच्या गाडीनं निघालो.

होय मेघा. आम्ही आलो होतो.

तुझ्या इमारतीच्या खाली आलो. वॉचमननं विचारलं, कोणाकडं? मी म्हणलं, थांब बाबा, आधी बसतो जरा. लिफ्ट रत्नानं नाहीच म्हणलं, बंद डब्यात ती कशी जाणार? जिन्यानं निघालो. पहिला मजला, दुसरा. ती पुढं, मी मागं, मी क्रियापद द्यायची, ती म्हणायची, आवाज जिन्यात घुमायचा. कुणीतरी दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं. तिसरा मजला ओलांडला. रत्ना वळून हसली माझ्याकडं. "अक्का, जमायलंय." आणि वर कुठंतरी फरशी कापायची मशीन सुरू झाली. तुमच्याकडं रोज कुठल्या ना कुठल्या घरात चालूच असते ना ती? कठडा थरथरायला लागला. पायरी थरथरली. मी ओरडले, मशीन आहे रत्ने, मशीन आहे! तिला ऐकू गेलं नाही. ती पायरीवर बसली, दोन्ही हात डोक्यावर. मी म्हणलं, "स्टँड! स्टँड, रत्ने, म्हण की!" तिचं इंग्रजी गेलं. मराठी पण गेली. एकच शब्द उरला, "अव्वा... अव्वा..." कानडीत आईला हाक मारत होती. तिची पुढं जी अवस्था झाली ती मी पेपरात लिहिणार नाही, बाईमाणसाची लाज असते. मी तिला कशी खाली आणली ते मलाच ठाऊक. लाडवांचा डबा वॉचमनकडं दिला, म्हणलं, वर पोचव, गावाकडून आलाय सांग. संध्याकाळी तुझा फोन आला, मोठी आई, डबा कुणाबरोबर पाठवला? मी म्हणलं, एक ओळखीचा येत होता. तू म्हणालीस, आईला डबा पाठवायला जमतं, यायला जमत नाही.

तेव्हा आम्ही स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तुझी आई माझ्या शेजारीच होती, दुसरं लुगडं नेसून. तिनं तुझं सगळं ऐकलं.

मी म्हणलं, सांगून टाकू पोरीला. तिनं माझा हात धरला. "न्हाय अक्का. शपथ हाय तुमाला." मी चिडले, का पण? लेक तुला दगडाची समजायला लागलीय. ती म्हणाली, "समजू द्या. तिला त्या घरात झोपायचंय, तिच्या लेकराला झोपवायचंय. मी तिच्या इमारतीत वर बघितलेलं तिला कळलं तर ती पण वर बघायला लागंल. एकदा वर बघितलं की झोप येत न्हाय अक्का. आई कडक हाय म्हणून कुणाची झोप जात न्हाय." आता सांग, भित्री होती का ती? असेल. मी नाही म्हणत नाही. पण भीती कुणाकडं जाऊ द्यायची नाही, हे तिनं आयुष्यभर धरून ठेवलं. तू आत झोपलीस त्या दिवसापासून.

तिनं अभ्यास सोडला नव्हता. परत जाऊ म्हणायची, नात चालायला लागली की, नात शाळेत जायला लागली की. मी सोलापूरला निघाले त्या सकाळी तिनं चहा करून दिला शेडमध्येच, आणि म्हणाली, तुमी नसताना मी आज एकटी आत बसून बघते. मी म्हणलं, खुळी आहेस का, मी आल्यावर बस. सुनंदाला ती माजघरात सापडली. भिंतीला टेकून बसलेली, झोपल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. घाबरून का, मी विचारलं. ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. मी तिचा चेहरा बघितला होता. त्यावर काही नव्हतं, भीती नव्हती. पण माझ्या डोळ्यांत थेंब होते अजून, म्हणून मी खात्रीनं सांगत नाही.

आणि आता माझं सांगते, ज्यासाठी हे एवढं लिहिलं. परवा दुपारी जमीन गुरगुरली. तुमच्याकडं बातमी आली नसेल, आपल्याकडं ते मधूनमधून होतंच. पोटात धरल्यासारखा आवाज, भांडी थोडी किणकिणली, गल्लीतली लोकं बाहेर आली. तुझ्या काकांना आता ऐकू येत नाही, ते बशीत चहा ओतून पीत होते, मला म्हणाले, काय गं, अशी का उभी? मी अंगणात उभी होते, रत्नाच्या बाजेची कड घट्ट धरून. मेघा, मी कधी भ्याले नाही असं सगळे म्हणतात. मी पण तसंच समजत होते. गुरगुर झाली की मी रत्नाकडं धावायची, तिला धरायची, तिला म्हणायला लावायची, आणि ती शांत होईस्तोवर सगळं थांबलेलं असायचं. मला भ्यायला वेळच मिळाला नव्हता. परवा धरायला कुणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणून बघितलं, गो, वेंट... पुढचं आठवेना. ते नेहमी ती म्हणायची. मी फक्त पहिला शब्द द्यायची.

तेव्हापासून मी रोज वर बघते. ओसरीत बसून हे लिहितानाही बघतेच आहे.

तू बघू नकोस वर. तुझं घर मजबूत आहे, तुझ्या लेकीला तिथं छान झोप येते, तुझ्या आईची इच्छा तीच होती. पण एकदा इकडं ये. तू विचारलंस ना, कुणासाठी येऊ? माझ्यासाठी ये गं. लेकीला घेऊन ये, तिला इंग्रजी येतं, ती माझे उच्चार ऐकून तुझ्यासारखीच हसेल, हसू दे. तुझी झोपायची जागा आत, माझ्या शेजारी, जिथं तू लहानपणी झोपायचीस तिथंच. सुट्टी नाही असं मात्र सांगू नकोस बाई मला, ते मी एकदा ऐकलंय. या रविवारी जमलं तर याच रविवारी ये.